बालकांतील मायट्रल झडपेचा भ्रंश व हृदयतालातील बिघाड

मायट्रल झडपेचा भ्रंश ही हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेची रचनात्मक विकृती आहे. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधील या झडपेला दोन दले असतात, म्हणून तिला द्विदल झडप असेही म्हणतात. दले बारीक दोऱ्यांसारख्या तंतूंनी निलयातील स्नायूंना बांधलेली असतात. निलय आकुंचन पावताना दलांनी एकमेकांना भिडून परतीची वाट बंद करावयाची असते. दले सैल व जाड किंवा तंतू लांबट असल्यास ती अलिंदाच्या बाजूस शिडासारखी फुगतात. वाट पुरती बंद न झाल्यास काही रक्त उलटे वाहते.

या विकारात स्टेथोस्कोपमधून ‘क्लिक’ असा आवाज व त्यामागून मर्मर ऐकू येतो. हे आवाज हृदयाबाहेरचे असावेत, असा समज दीर्घकाळ होता. जोहान्सबर्ग येथील जॉन बार्लो यांनी १९६३ साली त्यांचा संबंध मायट्रल झडपेशी जोडून दाखविला.

ताल का बिघडतो

फुगणारे दल प्रत्येक ठोक्याला तंतूंना व त्यांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना ओढते. या ताणामुळे स्नायूंत व्रण पडू शकतो आणि तेथून अवेळी ठोके निघू लागतात. काहींमध्ये झडपेचे कडे निलयाच्या भिंतीपासून किंचित सुटलेले असते; अशा रुग्णांत निलयातून उद्भवणाऱ्या अनियमित ठोक्यांकडे विशेष लक्ष दिले जाते. उलट्या प्रवाहाने अलिंद ताणले गेल्यास तेथूनही ताल बिघडतो.

बहुतेक मुलांना कोणताही त्रास नसतो. काही मुले छातीत धडधडते किंवा ठोका चुकल्यासारखा वाटतो, असे सांगतात. लहान मुलाला हेही सांगता येत नाही. ते खेळता खेळता खाली बसते, एवढेच दिसते. प्रार्थनेच्या वेळी बराच वेळ उभे राहून येणारी भोवळ बहुधा रक्तदाब उतरल्याने येते. धावताना शुद्ध हरपणे मात्र वेगळे. त्याचे खापर ऊन वा उपाशी पोटावर फोडून मुलाला घरी पाठविणे धोक्याचे आहे. अशा मुलाची हृदयतपासणी तातडीने व्हावयास हवी. मारफान विकार असल्यास किंवा कुटुंबात तरुणपणी अचानक मृत्यू घडला असल्यास अधिक सावधगिरी बाळगतात.

निदान व उपचार

इकोकार्डिओग्राफीत दल कड्याच्या पातळीपेक्षा २ मिलिमीटर वा अधिक वर गेल्यास भ्रंश मानला जातो. झडपेचे कडे सपाट नसून खोगिरासारखे असते, हे ध्यानात येण्यापूर्वी अनेक निरोगी व्यक्तींवरही या आजाराचा शिक्का बसला. फ्रॅमिंगहॅम येथील प्रौढांच्या १९९९ सालच्या अभ्यासात सुधारित निकषांनुसार हे प्रमाण सुमारे २.४ टक्के आढळले. लहान मुलांत ते याहून कमी असते. काही मिनिटांच्या ईसीजीत अवेळी ठोके सापडतीलच असे नाही, म्हणून २४ तास वा अधिक काळ होल्टर यंत्र लावतात. गरजेनुसार व्यायाम-चाचणी व एमआरआयही करतात.

तुरळक अवेळी ठोक्यांसाठी सहसा औषध लागत नाही. त्रासदायक धडधडीत बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे देतात. जीवघेण्या निलयतालाचा धोका असल्यास शरीरात डिफिब्रिलेटर बसवितात आणि गळती मोठी असल्यास झडपेची शस्त्रक्रिया करतात. केवळ भ्रंश आहे म्हणून मुलाचे खेळणे बंद करण्याचे कारण नसते. गंभीर गळती, श्रमाच्या वेळची बेशुद्धी किंवा धोकादायक ताल आढळल्यासच स्पर्धात्मक खेळांवर मर्यादा येते व ती हृदयरोगतज्ज्ञ ठरवितात.