संयुक्त फरक (गिट)

संयुक्त फरक किंवा कंबाइन्ड डिफ ही गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीतील फरक दाखवण्याची एक पद्धत आहे. एकाहून अधिक जनक असलेल्या विलीनीकरण कमिटमधील फाइल तिच्या प्रत्येक जनकापेक्षा कशी वेगळी आहे, हे या पद्धतीत एकाच मजकुरात स्तंभांच्या साहाय्याने दाखवले जाते. विलीनीकरण करताना नव्याने लिहिलेला मजकूर या पद्धतीने सहज लक्षात येतो. मात्र विलीनीकरणात गळालेला बदल तिच्यात दिसेलच असे नाही.

पार्श्वभूमी

दोन फाइलींमधील वेगळ्या ओळी शोधणारा डिफ हा प्रोग्राम १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात बेल प्रयोगशाळेत युनिक्ससाठी तयार झाला. जुनी फाइल आणि नवी फाइल अशा दोनच बाजू त्यात गृहीत धरलेल्या आहेत. वजा चिन्ह असलेली ओळ जुन्या फाइलीतून काढलेली आणि अधिक चिन्ह असलेली ओळ नव्या फाइलीत आलेली असते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या विकासासाठी गिट तयार केले. गिटमधील कमिट म्हणजे प्रकल्पाच्या त्या वेळच्या संपूर्ण स्थितीची नोंद होय. दोन कमिटमधील फरक वापरकर्त्याने मागितल्यावर मोजला जातो. साध्या कमिटला एकच जनक असल्यामुळे तुलना कोणाशी करायची हे निश्चित असते. दोन शाखा एकत्र केल्यावर तयार होणाऱ्या कमिटला दोन जनक असतात, तर ऑक्टोपस विलीनीकरणात ते त्याहून अधिक असतात. लिनक्स कर्नेलच्या इतिहासात ६६ जनक असलेले एक विलीनीकरणही आहे. अशा कमिटसाठी 'मागील स्थिती' एकच नसते, त्यामुळे फरक कसा दाखवावा हा प्रश्न निर्माण होतो.

सर्व प्रणालींनी या प्रश्नाचे उत्तर सारखे दिलेले नाही. मर्क्युरियलमध्ये कमिटला जास्तीत जास्त दोन जनक असतात आणि विलीनीकरणाचा पॅच निर्यात करताना तुलना फक्त पहिल्या जनकाशी होते. सबव्हर्जनमध्ये आवृत्त्यांचा क्रम एकरेषीय असतो आणि विलीनीकरणाची माहिती वेगळ्या गुणधर्मात नोंदवली जाते.

स्वरूप

संयुक्त फरकात प्रत्येक ओळीच्या आरंभी जनकांच्या संख्येइतके चिन्हांचे स्तंभ असतात. एखाद्या स्तंभातील वजा चिन्हाचा अर्थ, ती ओळ त्या जनकात होती पण अंतिम फाइलीत नाही. अधिक चिन्हाचा अर्थ, ती ओळ अंतिम फाइलीत आहे पण त्या जनकात नव्हती.

उदाहरणार्थ, एका ग्रंथालयाच्या नोंदींच्या फाइलीत वार्षिक शुल्क १०० होते. पहिल्या शाखेत ते १२० आणि दुसऱ्या शाखेत १५० करण्यात आले. विलीनीकरण करणाऱ्याने संघर्ष सोडवताना १३५ हा आकडा लिहिला. याचा संयुक्त फरक असा दिसतो:

```
@@@ -१,३ -१,३ +१,३ @@@
  नाव = ग्रंथालय
- शुल्क = १२०
 -शुल्क = १५०
++शुल्क = १३५
  मुदत = १५
```

'++' असलेली ओळ दोन्ही जनकांत नव्हती, म्हणजे ती विलीनीकरणातच जन्मली. कोणत्याही जनकात नसलेला बदल आणणाऱ्या विलीनीकरणाला गिटच्या परिभाषेत 'ईव्हिल मर्ज' म्हणतात.

शीर्षओळीतील @ चिन्हांची संख्या जनकांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असते. हा मजकूर पॅच प्रोग्रामला चुकून दिला जाऊ नये म्हणून शीर्षओळीचे स्वरूप मुद्दाम बदललेले आहे. संयुक्त फरक केवळ परीक्षणासाठी असतो, तो फाइलीवर लागू करता येत नाही.

वगळले जाणारे बदल

सर्व जनकांपेक्षा वेगळी असलेली फाइलच संयुक्त फरकात दाखवली जाते. एखादी फाइल एका जनकाशी तंतोतंत जुळत असेल, तर ती पूर्णपणे वगळली जाते. 'गिट शो' ही आज्ञा विलीनीकरणासाठी सीसी या पर्यायाचे अधिक संक्षिप्त स्वरूप वापरते. त्यात जनकांमध्ये मजकुराची दोनच रूपे असून त्यांपैकी एक जसेच्या तसे स्वीकारले असेल, तर तो भागही गाळला जातो. 'गिट लॉग' या आज्ञेला फरक दाखवण्यास सांगितले, तरी मूलस्थितीत ती विलीनीकरणांचा फरक दाखवत नाही.

मोठ्या प्रकल्पांत विलीनीकरणे असंख्य असतात आणि त्यांतील बहुतेक बदल त्या त्या शाखेत आधीच तपासलेले असतात. त्यामुळे ही गाळणी उपयुक्त ठरते. परंतु तिच्यामुळे एक धोकाही निर्माण होतो. समजा, पहिल्या शाखेत सुरक्षेतील एक त्रुटी दुरुस्त झाली आणि संघर्ष सोडवताना दुसऱ्या शाखेतील जुनी फाइल जशीच्या तशी ठेवली गेली. अंतिम फाइल दुसऱ्या जनकाशी जुळत असल्याने संयुक्त फरकात ती दिसत नाही, आणि दुरुस्ती मात्र नाहीशी झालेली असते. त्या फाइलीपुरता इतिहास मागितल्यास गिट जुळणाऱ्या जनकाचाच माग घेते. त्यामुळे दुरुस्तीची मूळ कमिटही यादीत येत नाही. ती पाहण्यासाठी संपूर्ण इतिहासाचा पर्याय द्यावा लागतो. म्हणून संयुक्त फरक रिकामा असणे म्हणजे विलीनीकरणात काहीही गमावले नाही, असे मानता येत नाही.

इतर पद्धती

* प्रत्येक जनकाशी स्वतंत्र तुलना: जितके जनक तितके साधे फरक मिळतात. काहीही लपत नाही. परंतु शाखेतील सर्व बदल पुन्हा दिसत असल्याने मजकूर फार लांबतो.
* पहिल्या जनकाशी तुलना: ज्या शाखेत विलीनीकरण झाले, तिच्यात एकूण काय बदलले हे कळते. पहिल्या शाखेतील दुरुस्ती गळाली असल्यास ती येथे वजा चिन्हासह दिसते. दुसऱ्या शाखेतील बदल गळाला असल्यास मात्र तो दिसत नाही.
* पुनर्विलीनीकरण फरक: एप्रिल २०२२ मधील गिट २.३६ या आवृत्तीत ही पद्धत आली. गिट दोन्ही जनकांचे विलीनीकरण तात्पुरते पुन्हा करते आणि त्याच्या स्वयंचलित निष्पत्तीची तुलना नोंदवलेल्या कमिटशी करते. संघर्षाच्या खुणा, निवडलेली बाजू आणि टाकून दिलेली बाजू एकत्र दिसत असल्याने माणसाने घेतलेला निर्णय तपासता येतो. ही पद्धत फक्त दोन जनकांच्या विलीनीकरणासाठी उपलब्ध आहे.