जलस्कूटरमधील इंधनगळती : शोध आणि दक्षता

मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, काशीद, अलिबाग या किनाऱ्यांवर पर्यटकांना समुद्रात फेरी घडवून आणणारी जलस्कूटर आता कोणास अपरिचित राहिलेली नाही. कावासाकी कंपनीने १९७३ च्या सुमारास बाजारात आणलेल्या वाहनाचे ‘जेट स्की’ हे नाव पुढे सर्वच कंपन्यांच्या जलस्कूटरांना चिकटले. किनारपट्टीतील अनेक कुटुंबांची उपजीविका आज या वाहनावर चालते. तथापि त्याची देखभाल बहुधा मोटारसायकलच्या अनुभवाच्या आधारे केली जाते, आणि इंधनाच्या बाबतीत हा अनुभव पुरा पडत नाही.

मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल ठिबकले, तर ते उघड्यावर पडते व उडून जाते. जलस्कूटरची टाकी, नळ्या, बॅटरी व इंजिन ही सारी बैठकीखालच्या एकाच बंदिस्त पोकळीत असतात. पाणी आत शिरू नये म्हणून ही पोकळी जवळजवळ हवाबंद असते. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्यामुळे ती तळाशी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारणतः दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरेशी होते, आणि स्टार्टर फिरविताना ती ठिणगी कधी मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणूनच इंधन भरल्यानंतर बैठक उचलून काही मिनिटे पोकळी उघडी ठेवावी व वास घेऊनच इंजिन सुरू करावे, अशी उत्पादकांची सूचना असते. गर्दीच्या दिवसांत पहिला बळी जातो तो या सूचनेचा.

पेट्रोलचा वास आल्यास प्रथम इंजिन बंद करून पर्यटकांना दूर करावे आणि बैठक काढून पोकळीत वारा खेळू द्यावा. काही जण घाईने बॅटरीची तार काढावयास जातात. परंतु तार सोडवितानाही ठिणगी उडते. वाफ पूर्ण निघून गेल्यावरच बॅटरीला हात लावणे इष्ट.

त्यानंतर प्रश्न उरतो गळतीचे ठिकाण शोधण्याचा. येथे ‘कोठे’ याआधी ‘केव्हा’ हे विचारले, तर अर्धे काम होते. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर दोष बहुधा वरच्या बाजूस, म्हणजे भरण्याच्या नळीत, झाकणाच्या रबरी कड्यात किंवा टाकीच्या माथ्यावरील जोडात असतो. कधी कधी दोष मुळीच नसतो. उन्हामुळे ५० लिटर पेट्रोलचे तापमान १५ अंशांनी वाढले, तर ते सुमारे पाऊण लिटराने फुगते आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून वाट काढते. याउलट टाकी निम्मी असतानाही उभ्या वाहनात पेट्रोल दिसत असेल, तर खालच्या नळ्या, गाळणी व जोड तपासावे. इंजिन चालू असतानाच गळती होत असेल, तर दाबाखालील भागाकडे वळावे. इंधन-अंतःक्षेपणाच्या नव्या इंजिनांत हा दाब वातावरणीय दाबाच्या तिपटी-चौपटीपर्यंत असतो व बारीक भेगेतूनही पेट्रोलचा फवारा उडतो. अशा इंजिनाची नळी दाब उतरविल्याशिवाय कदापि सोडवू नये.

गळती डोळ्यांना दिसली नाही, तर दाब-परीक्षा करावी लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या नमुन्यांत टाकीच्या हवानळ्या बंद करून मापक जोडलेल्या हातपंपाने प्रति चौरस इंच सुमारे ५ पौंडांचा दाब दिला जातो. तो दहा मिनिटे टिकला, तर प्रणाली निर्दोष समजावी. उतरला, तर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. प्रत्येक नमुन्यासाठी दाबाचा आकडा मात्र त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांतील एक दोष याहून फसवा असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ओढले जाते. तेथे चीर पडल्यास पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. वास नाही, थेंब नाही. इंजिन मात्र वेगात अडखळते. पेट्रोल कमी पडले की या इंजिनास वंगणही कमी पडते, आणि अखेरीस पिस्टन जळतो. मालकाला दुरुस्तीचा मोठा खर्च सोसावा लागतो व कारण असते एक सैल पट्टी.

नळ्या कालांतराने खराब होणारच. त्यांत खारी हवा लोखंडी पट्ट्यांना गंज चढविते. देशात २०२५ पासून पेट्रोलमधील इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमुळे फुगते व मऊ पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असताना टाकीत राहिलेले पेट्रोल म्हणूनच हंगामाच्या प्रारंभी बदलणे श्रेयस्कर. नळी दाबून पाहावी : ती चिकट लागली, वळविल्यावर तडे दिसले किंवा गाळणीत हिरवट गाळ आढळला, तर एक तुकडा न बदलता साऱ्या नळ्या बदलाव्यात. नव्या नळ्या इथेनॉलयुक्त इंधनासाठी बनविलेल्या आणि पट्ट्या गंजरोधक पोलादाच्या असाव्यात. स्वस्त पडते म्हणून मोटारीचा स्टार्टर बसविण्याची प्रथा तर सर्वथा त्याज्य आहे. नौकेचे विद्युत्-भाग ठिणगी बाहेर पडू नये अशा रीतीने बंदिस्त केलेले असतात, मोटारीचे नसतात.

तळाशी साचलेले पेट्रोल बूच काढून वाळूत किंवा समुद्रात सोडले जाते, तेही थांबविणे आवश्यक आहे. ते कापडाने टिपून, कापड उघड्यावर वस्तीपासून दूर वाळवावे. आग लागल्यास पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते व ज्वाळा पसरतात. कोरड्या भुकटीचे अग्निशामक साधन हाताशी असावे.

किनाऱ्यावरील झोपडीत कॅन भरून पेट्रोल ठेवण्याची पद्धत ग्रामपंचायतींच्या नजरेत यावयास हवी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ठेवण्याची मर्यादा ३० लिटर आहे. मोठ्या जलस्कूटरच्या एका टाकीतच सुमारे ७० लिटर मावते, हे लक्षात घेतले म्हणजे चार-पाच वाहने चालविणाऱ्याच्या झोपडीत काय साठलेले असू शकते याची कल्पना येते.