पंचेचाळिशीत अवजड लायसन

डिलाईल रोडच्या छापखान्यांचा कागद आणि पुस्तकं छोट्या टेम्पोतून पोचवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. छापखाने, गोदामं भिवंडीकडे सरकली तसं भाडं आटलं. पंचेचाळिशीत ठरवलं, मोठ्या गाडीवर जायचं.

बायको म्हणाली, टेम्पो येतो, मग ट्रकला वेगळं काय शिकायचंय? साध्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. भरलेली दहाचाकी 28.5 टनांपर्यंत जाते. तिच्यासाठी हलक्या गाडीचं लायसन निदान वर्षभर जुनं हवं, शिवाय डॉक्टरचा दाखला, ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि आरटीओची परीक्षा. सरकारमान्य केंद्रांत हा अभ्यासक्रम 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो.

खरं शिक्षण लाईनवर. पूर्वी मिसरूड फुटायच्या आत पोरगं क्लीनर म्हणून चढायचं. टायर ठोकून हवा ओळखायचं, ताडपत्री बांधायचं. कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात द्यायचा. माझा उस्ताद बीडचा, माझ्याहून बराच लहान. मी त्याला उस्ताद म्हणतो, तो मला काका. गाडी मागे घेताना मात्र ओरडतो, “ओ काका, आरसा बघा आरसा!”

कसारा घाट उतरताना टेम्पोची सवय मोडावी लागली. ब्रेक सतत दाबला की ड्रम तापतात आणि पकड जाते. म्हणून उतार लागण्याआधीच गिअर खाली आणायचा, वेग इंजिनावर धरायचा, एक्झॉस्ट ब्रेकची मदत घ्यायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारेही आहेत; मग सगळा भार ब्रेकवर येतो. सकाळी निघतानाही घाई नाही. ब्रेक हवेवर चालतो, टाकीत दाब भरेपर्यंत काट्याकडे बघत बसायचं.

गाडी थांबवणं असं शिकता येतं. स्वतः कधी थांबायचं, हे अवघड. वडील गिरणीत होते, 1982 च्या संपापर्यंत. त्यांची पाळी भोंग्यावर सुरू व्हायची, भोंग्यावर सुटायची. मोटार वाहतूक कामगारांचे तासही 1961 च्या कायद्याने बांधून दिले होते: दिवसाला आठ, लांबच्या मार्गावर परवानगीने दहा, आणि पाच तासांहून जास्त सलग काम नाही, मध्ये अर्धा तास विश्रांती. पण रस्त्यावर भोंगा कोण वाजवणार? गोदामात माल भरायला अर्धा दिवस तिष्ठायचं आणि तो वेळ रात्री जागून भरून काढायचा, हीच रीत. विशीतला पोरगा चहा-तंबाखूवर रेटतो. माझे डोळे पहाटे तीनला जड होतात, आणि हे मालकाला सांगायला आता या वयात लाज वाटत नाही. त्याला म्हटलंय, लायसन हातात आलं तरी लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर द्या. पगार थोडा कमी चालेल.