गॅरेजमधले विमान आणि सोडलेली डॉक्टरकी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा ‘दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहा’ असा संपादकांचा आग्रह होता. लसीकरणाचे वेळापत्रक, तापातले झटके आणि मातांच्या शंका यांपलीकडे माझ्या लेखणीची धाव सहसा जात नाही. तरीही हा आग्रह मोडवला नाही, कारण सांगण्याजोगी एक हकीगत गेली काही वर्षे माझ्यापाशी पडून आहे. येथील वैद्यकीय महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेला आणि दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालेला माझा एक वर्गमित्र अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळ राहतो. त्याने २०१५ ते २०२१ या सहा वर्षांत घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे विमान बांधले. त्याच काळात नवजात अतिदक्षता विभागातील वरिष्ठ पद सोडून तो परिचारिकांच्या अभ्यासक्रमास शरीररचना आणि शरीरक्रिया शिकविणारा अध्यापक झाला. विमानाचे वडोदऱ्यात पुष्कळ कौतुक झाले. दुसऱ्या गोष्टीविषयी मात्र लोक आवाज खाली आणून विचारीत.

आधी विमानाविषयी सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. भंगारातून गोळा केलेल्या वस्तूंचे ते कडबोळे नसते, आणि खेळण्यासारखे चार तासांत जोडूनही होत नाही. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांत हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला ‘प्रायोगिक’ म्हणून परवाना मिळतो. त्यासाठी मुख्य अट अशी की, विमानाच्या बांधणीचा मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतः केलेला असावा. व्यवहारात यालाच एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. आणि हे काम त्याने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी हाती घेतलेले असावे. सरकारी नियमाच्या मजकुरात ‘शिक्षण’ हा शब्द पाहून मला मोठी गंमत वाटली होती.

या हौसेला संघटित रूप दिले ते पॉल पोबेरेझ्नी यांनी. १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे त्यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश गावी भरतो. तयार भागांचा संच विकत घेऊन विमान जोडण्याची पद्धत रुळविणाऱ्यांत ओरेगॉनचे रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचे नाव अग्रणी आहे. त्यांचे एका आसनाचे आरव्ही-३ हे विमान १९७१ मध्ये उडाले. आज त्यांच्या आरव्ही मालिकेतील, लोकांनी स्वतः बांधून उडविलेल्या विमानांची संख्या अकरा हजारांवर गेली आहे. माझ्या मित्राने निवडले ते याच मालिकेतील आरव्ही-९ए. डेटनमध्ये राहून हे करण्यात काही नवल नाही, असे तो म्हणतो. राईट बंधूंनी १९०३ चे विमान याच गावात, सायकलच्या दुकानात तयार केले होते आणि चरितार्थ सायकलींवरच चालत होता.

संच टप्प्याटप्प्याने मागवितात. प्रथम शेपूट, मग पंख, मग धड, आणि शेवटी उरलेसुरले. इंजिन आणि पंखा वेगळे घ्यावे लागतात. शेपटीपासून प्रारंभ करण्यात शहाणपण आहे. ती स्वस्त असते, आणि आपल्याला हे झेपणार नाही असे ज्यास कळावयाचे त्यास तेथेच कळते. एकूण काम दीड ते दोन हजार तासांचे. नोकरी करणाऱ्या माणसाची त्यात पाच-सात वर्षे सहज जातात.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा पंखांचे काम चालले होते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना छिद्रे कारखान्यातच पाडलेली असतात. परंतु प्रत्येक छिद्राची धार काढावी लागते, कारण तेथे राहिलेला बारीकसा कोचा पुढे तड्याचे मूळ ठरू शकतो. मग पत्रे क्लेको नावाच्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी जुळवायचे, सुटे करायचे, गंजरोधक रंग द्यायचा, पुन्हा जुळवायचे आणि शेवटी रिव्हेट मारायचे. असे हजारो रिव्हेट. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी गन धरतो, दुसरा आतून पोलादाचा गुळगुळीत ठोकळा टेकवून ठेवतो. ठोकळा धरण्याचे काम माझ्याकडे आले. आत दिसत काही नाही. हाताला जाणवते आणि कानाला ऐकू येते तेवढ्यावर चालायचे. रिव्हेट नीट बसत आला की ठोक्याचा स्वर पालटतो. दोन दिवसांनी मला तो ओळखू येऊ लागला, आणि औएनब्रुगरची आठवण झाली. खानावळवाल्याचा हा मुलगा पिपे ठोकून आतल्या द्रवाची पातळी ओळखण्याची युक्ती जाणून होता. तीच युक्ती छातीवर वापरून त्याने १७६१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपण सारे आजवर त्याच्याच बोटांनी छाती ठोकीत आलो आहोत.

वाकडा बसलेला रिव्हेट चालत नाही. त्याच्या डोक्यात मधोमध बारीक ड्रिल घालायचे, डोके उडवायचे, उरलेला भाग हलकेच बाहेर काढायचा आणि नवा मारायचा. एका संध्याकाळी मित्राने असे अकरा रिव्हेट काढले. मी कंटाळलो होतो. तो मात्र शीळ घालीत होता. म्हणाला, “बावीस वर्षं मी ज्या खोलीत काम केलं, तिथे ही सोय नव्हती.”

त्याने डॉक्टरकी का सोडली, याचे उत्तर त्याने मला त्याच सुमारास दिले. काही भयंकर घडले नव्हते. त्याच्या हातून कोणतेही बाळ दगावले नव्हते, कोणताही खटला नव्हता. २०१४ च्या हिवाळ्यात पहाटे तीनच्या सुमारास सव्वीस आठवड्यांत जन्मलेल्या एका बाळाच्या आईशी तो बोलत होता. मेंदूतील रक्तस्राव, फुप्फुसे, पुढच्या बहात्तर तासांचा धोका, सारे नेहमीप्रमाणे. “शब्द बरोबर होते,” तो म्हणाला, “पण बोलणारा मी नव्हतो. ती रडत होती आणि मी घड्याळ बघत होतो.” ते बाळ पुढे बरे होऊन घरी गेले. त्याने मात्र त्या आठवड्यात ठरविले की, दुसऱ्यांनी हे ओळखण्यापूर्वी आपण बाजूला व्हायचे.

बाजूला होणे एका दिवसात झाले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण येथे सांगताना लोक ती हकीगत ‘नोकरी सोडली आणि विमान बांधले’ एवढ्यावर आटोपतात. त्याने पहिल्या वर्षी रात्रपाळ्या कमी केल्या, दुसऱ्या वर्षी अर्धवेळ झाला, संध्याकाळच्या वर्गांना शिकवून पाहिले आणि २०१८ मध्ये रुग्णालय पूर्णपणे सोडले. उत्पन्न चौथ्या हिश्श्यावर आले. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो. वहिनी औषधनिर्मात्या असून त्यांची नोकरी चालू होती, म्हणून कुटुंबाचा विमा टिकला. धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून विमानाचे इंजिन दीड वर्ष उशिरा मागविले गेले. अध्यापनाचे पहिले सत्र वाईट गेले. ‘सर फार वेगाने शिकवितात आणि आम्हांला सगळे ठाऊक आहे असे धरून चालतात’, असे विद्यार्थ्यांनी लिहून दिले. पन्नाशीकडे झुकलेल्या, परगावांहून सल्ल्यासाठी बोलावल्या जाणाऱ्या माणसाला हे वाचावे लागले. गॅरेजमध्ये तो त्याच वर्षी इंधनाच्या टाक्या सांधायला शिकत होता. काळा, चिकट, दुर्गंधी लेप दोन दिवस हातांवरून जात नाही. टाकी पूर्ण झाल्यावर तोंडाला फुगा बांधून आत हवा भरायची आणि फुगा उतरतो का ते पाहत बसायचे. त्याचा पहिला फुगा सकाळपर्यंत लोळागोळा झाला. गळती शोधून पुन्हा लेप. विमान आणि शिकवणे यांतले कोणते काम कोणत्या कामाला धीर देत होते, हे त्यालाही सांगता येत नाही.

परत आल्यावर मी काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, भेटायला गेलो. चहा झाल्यावर त्यांनी खोलीचे दार लोटून घेतले. “तू जाऊन आलास. खरं सांग, त्याच्या हातून काही झालं का रे? काढलं का त्याला?”

“नाही काकू. तो स्वतःहून सोडतो आहे.”

“मग मला सांग, ज्यासाठी ह्यांनी फंडातून पैसे काढले, ते मधेच सोडायचं कशाला?”

या प्रश्नाला माझ्यापाशी सोपे उत्तर नव्हते आणि आजही नाही. काका रेल्वेत कारकून होते. मुलाच्या परदेशच्या तिकिटासाठी त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली होती, हे आम्हां सर्व मित्रांना ठाऊक होते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत डॉक्टरची पदवी एकट्या मुलाची नसते. ती घराची असते, काही अंशी वाड्याचीही असते. ती बाजूला ठेवणारा माणूस सामाईक ठेव मोडतो असे वाटणे स्वाभाविक आहे. काकूंचा प्रश्न मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही. पण ‘काढलं का त्याला’ हाच तर्क आपल्या व्यवसायबंधूंनीही केला, याचे मला वाईट वाटले. दुसऱ्या प्रत्येकाला विश्रांती लिहून देणाऱ्या आपल्या जमातीला, एक डॉक्टर थकला आणि प्रामाणिकपणे थांबला, एवढी साधी गोष्ट का पटू नये? असो.

येथील एका सभेत मी त्याच्या विमानाची छायाचित्रे दाखविली, तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी उठून शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतले. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या उपस्थितीत त्यांनी विमान उडविले, ही कथा आपल्या वडोदऱ्यात प्रिय आहे. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा आधार सांगितला जातो, त्यातील याने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. अभिमान बाळगायचाच तर कॅप्टन अमोल यादव यांचा बाळगावा. व्यावसायिक वैमानिक असलेल्या या मराठी माणसाने कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईत मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. तेथे तर तयार संचही नव्हता. रचना त्यांची स्वतःची होती.

धोक्याविषयी लिहिल्याशिवाय ही हकीगत प्रामाणिक होणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरबांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये ही विमाने खाजगी व हौशी विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती. प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अशाच एका विमानात गेला. ते त्याने विकत घेतलेले होते. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची खिट्टी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. मान वळवून ती फिरवायला जाताना उजव्या रडरवर पाय दाबला गेला आणि विमानाचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. माझ्या मित्राने हा अहवाल गॅरेजच्या भिंतीवर लावला होता. आराखड्यात आपल्या मनाचा बदल करावासा वाटला की तो वाचायचा आणि बदल करायचा नाही.

डेटनच्याच राईट फील्डवर ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोईंगचे मॉडेल २९९ कोसळले, कारण नियंत्रण-पृष्ठांची कडी सोडायची राहून गेली होती. वैमानिकांच्या तपासयादीचा उगम त्या अपघातात आहे. विदर्भात मुळे असलेले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी हीच यादी शस्त्रक्रियागृहापर्यंत आणली, हे आपणास ठाऊकच आहे. मित्राची यादी लॅमिनेट केलेली असते आणि तो ती पाठ असूनही मोठ्याने वाचतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विमान प्रथम उडाले. त्यापूर्वी निरीक्षकाने बांधणीच्या नोंदवह्या, छायाचित्रे, वजन आणि गुरुत्वमध्य यांची तपासणी केली. नंतरचे चाळीस तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडायचे आणि प्रवासी घ्यायचा नाही, अशी अट होती. वहिनींनी आपल्याकडून आणखी दहा तासांची अट घातली, आणि ती पाळली गेली. २०२३ मध्ये मी शेजारच्या आसनावर बसलो तेव्हा समोरच एक पाटी होती. हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठीच्या सुरक्षानियमांत बसत नाही, असा तिचा आशय. प्रवाशाला दिसेल अशा जागी ती लावणे सक्तीचे आहे. आपल्या दवाखान्यांत अशी पाटी लावायची ठरली तर मजकूर काय लिहावा, यावर आम्ही बराच वेळ हसलो. मक्याच्या शेतांवरून पाऊण तास उडालो. पंखाच्या डाव्या कडेला मी धरलेल्या ठोकळ्याचे रिव्हेट कोणते, ते त्याला नेमके ठाऊक होते.

काकू आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलगा काय करतो असे विचारल्यावर पूर्वी त्या ‘डॉक्टर आहे’ म्हणत. हल्ली ‘नर्सांना शिकवतो’ म्हणतात आणि विमानाचा विषय काढीत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते. दर बारा महिन्यांनी विमानाची तपासणी करावी लागते. बांधणाऱ्याला त्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते, म्हणून ती तो स्वतःच करतो आणि चारही सिलिंडरांच्या दाबाचे आकडे, ऐंशीपैकी किती, ते मला रुग्णाचे निष्कर्ष कळवावेत तसे कळवितो. यंदाचे अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर आहेत. चौथा मागील वर्षापेक्षा दोनाने उतरला आहे. पंचवीस तासांच्या उड्डाणानंतर तो पुन्हा मोजणार आहे.