जुनी जीप : दणकट नव्हे, साधी

घाटातल्या टपरीसमोर जुनी जीप उभी करून चहा सांगितला, की चहाच्या आधी माणसं येतात. कुणी बॉनेटवर हात ठेवतं, कुणी वाकून खाली बघतं. मग सुरू होतं. "मिलिटरीची का हो?" "विलीज असणार, जुना माल." "हिला काय होतंय? लोखंड आहे लोखंड." "पण पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारात काढायला लावतंय म्हणे." ग्लास रिकामा होईस्तोवर गाडीचा इतिहास, भूगोल आणि कायदा सांगून होतो. त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

टपरीवर यानं कुणाचं बिघडत नाही. पण याच समजुतींवर माणसं साठवलेले पैसे मोजून गाडी घेतात आणि याच समजुतींवर ती ओढ्यातही घालतात. बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे : जीपच्या साधेपणाला आपण दणकटपणा समजतो.

गैरसमज : जीप विलीज कंपनीनं जन्माला घातली आणि 'जनरल पर्पज'वरून तिचं नाव पडलं.

वस्तुस्थिती : 1940 मध्ये अमेरिकी लष्कराला चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती आणि नमुना देण्यासाठी मुदत होती 49 दिवसांची. ती पाळली अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीनं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी पहिली गाडी लष्कराच्या ताब्यात गेली. बँटमची उत्पादनक्षमता मात्र तोकडी होती, म्हणून मोठं काम विलीज-ओव्हरलँडकडे आणि नंतर फोर्डकडेही गेलं. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. विलीजची खरी देणगी म्हणजे 'गो डेव्हिल' हे 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं इंजिन.

नावाची गोष्टही सांगतात तितकी सरळ नाही. फोर्डच्या गाडीचं सांकेतिक नाव होतं 'जीपीडब्ल्यू'. त्यातला 'जी' सरकारी कंत्राटाचा, 'पी' 80 इंची व्हीलबेसचा आणि 'डब्ल्यू' विलीजच्या आराखड्याचा. 'जनरल पर्पज' त्यात कुठेच नाही. 'जीप' हा शब्द मात्र तेव्हा आधीच प्रचारात होता. 1936 मध्ये पॉपायच्या चित्रकथेत याच नावाचा, कुठेही पोचू शकणारा एक अजब प्राणी अवतरला होता.

गैरसमज : जुनी आणि उघडी दिसते ती विलीज.

वस्तुस्थिती : आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक जुन्या जिपा महिंद्राच्या आहेत. 1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं सुरू झालेली ही कंपनी. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. सुट्या भागांत आलेल्या विलीज जिपा मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे त्या इथेच घडू लागल्या.

ओळखायची कशी? युद्धकाळातल्या गाडीच्या जाळीला नऊ फटी असतात, दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात आणि मागे फळका नसतो. नागरी वापराच्या 'सीजे' मालिकेत फटी सात, दिवे मोठे. आपल्याकडे सर्वाधिक ओळखीची झालेली 'सीजे-3बी' तिच्या उंच बॉनेटवरून दुरूनच कळते. तिच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला गेले, इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही चढलं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे त्यानंतरही चालू राहिलं.

आणखी एक जात आहे ती नव्यानं बनवलेल्या 'विलीज'ची. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या चॅसिसवर नवा पत्रा चढवून हौशी जिपा तयार होतात. दिसायला देखण्या असतात, पण त्यांना 1942 चं मॉडेल म्हणून विकत घेणं म्हणजे पितळेला सोन्याचा भाव देणं.

गैरसमज : जीप म्हटली की फोर बाय फोर आलंच.

वस्तुस्थिती : सातारा-कोल्हापूरकडच्या वडापनं वाढलेल्या माणसाला हे खरं तर सांगायला नको. बारा-पंधरा माणसं कोंबून, टपावर पोती टाकून धावणाऱ्या त्या गाड्यांपैकी बहुतेकांना ताकद फक्त मागच्या चाकांची होती. एकाच तोंडावळ्याच्या गाड्या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आणि आज त्यातल्या अनेक 'ऑफ-रोडर' म्हणून बाजारात येतात.

तपासायला अर्धा मिनिट पुरतो. गाडीखाली वाका. पुढच्या अ‍ॅक्सलवर मागच्यासारखाच डिफरन्शियलचा फुगीर गोळा आहे का आणि तिथवर जाणारा दांडा जागेवर आहे का, ते पाहा. गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा दांडा असला, तरी तेवढ्यावर विसंबू नका. दांडा ठेवून आतला माल काढलेल्या गाड्याही भेटतात.

गैरसमज : फोर बाय फोर अडकत नाही, म्हणून ते कायम टाकून ठेवावं.

वस्तुस्थिती : जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि शेवटी जॉइंटचा क्रॉस किंवा ट्रान्सफर केस बळी पडते. म्हणून डांबरावर दोन चाकं, निसरड्यावर चार.

अडकायचं म्हणाल, तर प्रत्येक अ‍ॅक्सलवरचा साधा डिफरन्शियल ताकद सोप्या बाजूला सोडतो. एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत किंवा चिखलात गेलं, की ती दोनच गरागरा फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हणजे स्वतःचा खड्डा खोल करणं. टायरमधली हवा थोडी कमी केली, की टायर पसरतो आणि पकड वाढते. फक्त वेग कमी ठेवायचा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची.

लो गिअरचं खरं मोलही चढापेक्षा उतारावर कळतं. सीजे-3बीच्या ट्रान्सफर केसमध्ये लो टाकला, की चाकांचा वेग जवळपास अडीच पटीनं कमी होतो. पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय काढला, की इंजिनच गाडीला धरून खाली उतरवतं. त्या उतारावर क्लच दाबणं ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक.

गैरसमज : जीप पाण्यातून आरामात जाते, डिझेल असेल तर प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : पेट्रोल जीपचा पहिला शत्रू तिचाच पंखा. तो पाणी उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजतो आणि गाडी मधोमध बंद पडते. जाणते चालक म्हणूनच ओढ्याआधी पंख्याचा पट्टा सैल करतात. डिझेलला ठिणगीची गरज नसते, म्हणून ती पुढे जाते. पण एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हापुन्हा सेल्फ मारून बघू नये, ते यासाठी.

पलीकडे सुखरूप पोचलात, तरी काम उरतं. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं, तर लगेच बदला. ब्रेकचे ड्रम ओले असतात, म्हणून पुढे थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून ते वाळवा.

गैरसमज : जुनं लोखंड नव्या पत्र्यापेक्षा सुरक्षित.

वस्तुस्थिती : नव्या गाडीचा पत्रा चुरगळतो, कारण त्यानं चुरगळावं अशीच त्याची रचना असते, धक्क्याचा जोर तो स्वतःत जिरवतो. जुन्या जीपची चॅसिस चुरगळत नाही, धक्का थेट माणसापर्यंत पोचवते. स्टिअरिंगचा सरळ, न दुमडणारा दांडा चालकाच्या छातीवर रोखलेला असतो. मुळात पट्टे नव्हते, दारं नव्हती. जुन्या मॉडेलांत ब्रेकची एकच तेलवाहिनी असते, ती कुठेही फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यात व्हीलबेस आखूड, रुंदी कमी आणि गुरुत्वमध्य उंच, म्हणजे वेगात झटका देऊन वळवली तर गाडी उलटते.

म्हणून पैसे हाती आले, की आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि पट्टे. मोठे टायर आणि दिव्यांची माळ नंतर. मोठ्या टायरनं तर गाडी आणखी उंच होते आणि आधीच दमणाऱ्या ब्रेकवर भार वाढतो.

गैरसमज : जुन्या गाडीला महागडं पेट्रोल हवं आणि तिचे पार्ट मिळत नाहीत.

वस्तुस्थिती : युद्धकाळातल्या विलीजचं कॉम्प्रेशन होतं 6.48 ला 1. हलक्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच ते तेवढं कमी ठेवलेलं. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा या इंजिनाला फायदा नाही. काळजी घ्यायची ती आजच्या पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलची. ते जुन्या रबराला खातं आणि हवेतली ओल ओढतं. इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरं नव्या जातीची बसवून घ्या आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका.

पार्टांचं म्हणाल, तर एकच मूळ रचना आपल्याकडे कित्येक दशकं चालल्यामुळे जीप ही सांभाळायला सर्वांत सोप्या जुन्या गाड्यांपैकी आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला पालथं घातलं, की बहुतेक वस्तू मिळतात. दुर्मीळ होत चालला आहे तो कान लावून पॉइंटचा गॅप ओळखणारा मिस्त्री.

गैरसमज : पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते, नाहीतर व्हिंटेज नंबर घेतला की सगळं माफ.

वस्तुस्थिती : वयाची सरसकट बंदी हा दिल्ली परिसरातल्या आदेशांचा विषय होता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. मग आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून ती 5 वर्षांसाठी वाढवता येते. भंगाराचा प्रश्न येतो तो तपासणीत नापास होणाऱ्या गाडीचा.

व्हिंटेज नोंदणीचे केंद्रीय नियम 2021 मध्ये आले. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. भाजी आणायला जीप नेणाऱ्यानं हा नंबर घेऊ नये.

आणि बदलांबद्दल : कंपनीच्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर स्पष्ट केलं आहे. पेट्रोल जीपमध्ये परवानगीविना डिझेल इंजिन बसवलं असेल आणि कागदावर अजून पेट्रोलच असेल, तर ती गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं.

गैरसमज : जीप जिथे जाऊ शकते, तिथे न्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : कासचं पठार सपाट आहे, जीप सहज चढेल. पण तिथल्या कातळावर मातीचा थर काही बोटांचा असतो आणि फुलं त्यावरच उगवतात. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली, तर गुन्हा दाखल होतो. कोकणात भरतीच बऱ्याचदा शिक्षा करून जाते. बुजलेली बैलगाडीवाट, मालकाला विचारून शेताचा बांध, पावसाळ्यातला गावरस्ता : जीपचा आनंद इथे भरपूर आहे आणि तो कुणाचं काही मोडत नाही.

जुनी जीप साधी आहे, म्हणून ती पान्यानं दुरुस्त होते. साधी आहे, म्हणूनच ती चूक पोटात घालत नाही. ती चालकाला सांभाळत नाही, चालकानं तिला सांभाळायचं असतं. तेव्हा घ्यायची ठरवलीत, तर आधी रंग पाहू नका. आरसी पुस्तक हातात घ्या, टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हा, इंजिन आणि चॅसिसचे नंबर पुस्तकाशी जुळवा, चॅसिसला गंज किंवा वेल्डिंग आहे का पाहा. कपडे खराब होतील. होऊ द्या, घेतल्यावर दर रविवारी होणारच आहेत.