पावसाळ्यापूर्वी वायरिंगची तपासणी

महाड तालुक्यातील हिरकणीवाडी येथून रायगडावर जाणारा रज्जुमार्ग १९९६ मध्ये सुरू झाला. अशा पर्यटनस्थळी घरे व खानावळी या दोहोंच्या वायरिंगची नियमित तपासणी अगत्याची ठरते. पावसाळ्यात भिंती ओलावतात आणि जीर्ण वेष्टनाच्या तारांतून वीज झिरपते. म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ५०० व्होल्टवर मेगर चाचणी करवून घ्यावी. वेष्टनाचा रोध किमान १ मेगओहम भरावा. अर्थिंग मात्र मे महिन्यात, जमीन कोरडी असताना तपासावे. तेव्हा उतरलेलेच भरवशाचे.

तथापि फ्यूज माणसाला वाचवीत नाही. प्राणघातक प्रवाहही तो वितळविण्यास अपुरा असतो. यास्तव ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारे ईएलसीबी घरोघरी, शाळांत व पंचायत कार्यालयांत बसविणे इष्ट होय.