मुतखडा आणि बालकांची मूत्रपिंडे

मुतखडा हा केवळ प्रौढांचा विकार आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो बालकांनाही होतो आणि त्यांच्यात त्याची लक्षणे पुष्कळदा फसवी असतात. कमरेतून निघणारी कळ लहान मुलाला नीट सांगता येत नाही. पोट दुखते, उलटी होते, लघवी लालसर होते, एवढेच घरच्यांच्या ध्यानात येते. खडा सोनोग्राफीत दिसतो. परंतु त्याने मूत्रपिंडाला इजा पोहोचली आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

त्यासाठी प्रामुख्याने रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण पाहिले जाते. मात्र या तपासणीला मर्यादा आहे. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे १० लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांपैकी काही निकामी झाले, तरी उरलेले त्यांचा भार उचलतात. त्यामुळे कार्यशक्ती जवळजवळ निम्म्याने घटेपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेत राहू शकते. एक मूत्रपिंड खड्यामुळे तुंबले, तरी दुसरे ते उणेपण झाकून टाकते.

लघवी मात्र हे गुपित आधी उघड करू शकते. अल्ब्युमिन हे प्रथिन गाळणीतून सहसा सुटत नाही. ते लघवीत वाढले, तर गाळणीच्या इजेची शंका येते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे लहान प्रथिन गाळले जाते, पण पुढील सूक्ष्मनलिका ते परत शोषून घेतात. त्या दुखावल्या की ते लघवीत उतरते. ‘नॅग’ हे विकर नलिकांच्या पेशींतच असते. ते लघवीत वाढणे हे पेशींना झालेल्या इजेचे चिन्ह होय. खड्यामागे तुंबलेल्या लघवीचा दाब आणि स्फटिकांचे घर्षण यांचा आघात याच पेशींवर होतो.

अशा निदर्शकांची उपयुक्तता अन्य व्याधींतही दिसून आली आहे. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अमेरिकेतील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्यांच्या लघवीत ‘एनगॅल’ हे प्रथिन दोन तासांतच वाढले. क्रिएटिनिन वाढण्यास एक ते तीन दिवस लागले. तथापि मुतखड्यातील इजा सावकाश आणि वारंवार होणारी असते. शिवाय मूत्रमार्गातील जंतुसंसर्गानेही एनगॅल वाढते. म्हणून एकाच निदर्शकावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. सोनोग्राफी, रक्त आणि लघवी यांचा एकत्रित विचार वैद्यांनीच करावयाचा असतो.

हे नवे निदर्शक सर्वत्र उपलब्ध नाहीत. पण लघवीतील प्रथिने व रक्त दाखविणारी साधी पट्टी-तपासणी सोपी आणि अल्पखर्ची आहे. खडा पडला वा काढला, म्हणजे काम संपले असे नाही. बालकांत तो पुन्हा होण्याचा संभव असल्याने लघवीची तपासणी ठरावीक काळाने करून घेणे आवश्यक असते.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेट देतात. त्या वेळी वारंवार पोट दुखणाऱ्या वा लालसर लघवी होणाऱ्या मुलांची माहिती त्यांना द्यावी. लालसर लघवी, लघवी अडणे किंवा पोटदुखीसह ताप असल्यास मात्र पथकाची वाट न पाहता मुलास तातडीने दवाखान्यात न्यावे. स्वच्छतागृह नसल्यामुळे मुली पाणी पिण्याचेच टाळतात. शाळेत पिण्याचे पाणी आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह असणे हाही मूत्रपिंडाच्या रक्षणाचाच भाग होय.